घडी न मोडलेली शाल

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. जुनी म्हणजे किती, असं विचारलंत तर माझा गोंधळ इथूनच सुरू होतो. दहा वर्षं मला दर वेळी 'नवी कोरी' म्हणूनच कपाटातून बाहेर काढत होते. मग मी नवी की जुनी, हे मला कसं कळणार? रंगाने मी गडद लाल आहे. दोन्ही काठांना सोनेरी जर आहे. ती खरी नाही, पण लांबून कुणाला कळत नाही, आणि मला सगळ्यांनी लांबूनच पाहिलं.

माझा जन्म पानिपतचा. पानिपत म्हटलं की मराठी माणसाचा चेहरा उतरतो, पण मला तिथे काही त्रास झाला नाही. यंत्रमागावर खडखडत विणली गेले आणि बारा बहिणींबरोबर एका गठ्ठ्यात बांधली गेले. गठ्ठ्यात सगळ्यात खाली दबलेली एक शाल फार शहाणी होती. ती म्हणाली, "आपला जन्म थंडीसाठी आहे. कुणाला तरी हुडहुडी भरेल, तो आपल्याला अंगाभोवती गुंडाळेल, आणि आपण त्याला ऊब द्यायची." मला ते पटलं. त्या दिवसापासून मी थंडीची वाट पाहू लागले.

पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका दुकानातून मला आणि माझ्या दोन बहिणींना केडगावजवळच्या एका खाजगी कन्या शाळेत आणलं. तेव्हा जून महिना होता. उकाड्याने पंखेसुद्धा दमले होते. मला वाटलं, आता दिवाळीपर्यंत विश्रांती. पण दुसऱ्याच दिवशी शाळेत प्रवेशोत्सव होता. पाचवीत आलेल्या मुलींना गुलाबाची फुलं दिली, फुगे लावले, आणि भर दुपारी एका घामाघूम पाहुण्यांच्या खांद्यावर मला टाकलं. टाकलं म्हणजे घडीसकट. कुणी मला उलगडलंच नाही. पाहुणे हसले, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. मग ते भाषणाला उठले आणि मी खुर्चीच्या पाठीवर राहिले. भाषण संपवून ते गाडीत बसून गेले. हार गेला, नारळ गेला, मी मात्र तिथेच!

मी घाबरले. वाटलं, माझं काहीतरी चुकलं. तेवढ्यात साखरबाई आल्या.

साखरबाई म्हणजे शाळेच्या शिपाई. मुली त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी मला उचललं, झटकलं, घडीवर घडी बसवली आणि पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. "हाय की अजून नवी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी मलाच तबकात ठेवलं. त्यापुढच्याही. हळूहळू मला इथली रीत समजली. पाहुण्यांना शाल द्यायची, पाहुण्यांनी ती खुर्चीवर ठेवायची, आणि साखरबाईंनी ती मागच्या बाजूने हळूच गोळा करायची. कधी कधी एकाच कार्यक्रमात माझ्या वाट्याला तीन तीन खांदे यायचे. पहिल्याचा सत्कार झाला की साखरबाई खुर्च्यांच्या मागून वाकून जायच्या आणि तिसऱ्याच्या वेळेपर्यंत मी पुन्हा तबकात हजर. कुणालाच राग यायचा नाही. उलट जे पाहुणे वरचेवर यायचे, ते मला ओळखून हसायचे.

आता तुम्ही म्हणाल, यात गोंधळ कसला? सांगते.

एक तर इथे बोललेलं मला धड कळत नसे. दर वर्षी डिसेंबर उजाडला की मुख्याध्यापिका करुणा मॅडम सगळ्या शिक्षिकांना बोलावून म्हणायच्या, "पट टिकला पाहिजे. गावोगाव जा, पालकांना भेटा, पण पट वाढवा." पट म्हणजे कापड, एवढं तर मला ठाऊक होतं. मला वाटलं, आता आणखी शाली येणार, कपाटात जरा जास्त सोबत होईल. शिक्षिका जीपमधून तळेगाव ढमढेऱ्यापासून कासुर्डीपर्यंत हिंडून यायच्या. शाल एकही यायची नाही, नुसत्या मुली यायच्या. पट म्हणजे शाळेतल्या मुलींची संख्या, हे कळायला मला चार वर्षं लागली.

दुसरा गोंधळ जास्त मोठा होता. या शाळेच्या मुली हुशार. कुणी शिष्यवृत्तीत यायची, कुणी खो-खोत, कुणी चित्रकलेत. त्यांचं कौतुक करायला मेळावा भरायचा. ध्वनिक्षेपकावरून मुलीचं नाव मोठ्याने पुकारलं जायचं. मी तबकात सावरून बसायची, की आता मी हिच्या खांद्यावर जाणार! पण मुलीच्या हातात एक फूल आणि कागद यायचा, आणि मी जायची तिच्या वडिलांच्या नाहीतर पाहुण्यांच्या खांद्यावर. नाव एकीचं आणि खांदा दुसऱ्याचा. मी दर वेळी विचार करायची, की पुकारणाऱ्या मॅडमचं चुकलं की देणाऱ्याचं? कपाटातल्या चषकांना विचारलं, तर ते म्हणाले, "आम्हाला काय माहीत, आम्ही तर काचेच्या आतच असतो."

आणि थंडी? थंडी यायची. जानेवारीत सकाळच्या प्रार्थनेला मुली दातावर दात आपटत उभ्या राहायच्या. मी डांबराच्या गोळ्यांशेजारी, कुलपात. खालच्या शालीचे शब्द आठवून मला फार वाईट वाटायचं. मी खरंच शाल आहे ना, असा संशय मला येऊ लागला होता.

अशातच आठवीतल्या नीलमचं नाव माझ्या कानावर आलं. नीलम कासुर्डीची. तिचे वडील ईश्वर आणि आई अनिता शेवंती आणि झेंडूचं रान करतात. नीलम थाळीफेकीत विभागात पहिली आली, आणि शाळेत आनंदीआनंद झाला. माझ्या डोक्यात मात्र नवा घोळ. मागच्याच महिन्यात एका पाचवीतल्या मुलीने रुसून पोषण आहाराची थाळी आपटली, तर साखरबाईंनी तिला केवढं झापलं होतं! हिने थाळी फेकली तर ढोल-ताशा? शेवटी मैदानावरून परत आलेल्या, अंतर मोजायच्या फितीने मला समजावलं, की ती जेवणाची थाळी नसते, लाकडाची आणि लोखंडी कडेची असते, आणि जेवढी लांब जाईल तेवढं चांगलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळेत प्रवेश मेळावा ठरला. पुढच्या वर्षासाठी नव्या मुलींची नोंदणी, जुन्या मुलींचे फॉर्म भरून घेणं, आणि गुणवंत मुलींचं कौतुक, असं सगळं एकाच दिवशी. कपाट उघडलं तेव्हा करुणा मॅडम आणि खेळाच्या शितल मॅडम बोलत होत्या.

"नीलमच्या वडिलांनी अजून नववीचा फॉर्म दिला नाही," शितल मॅडम म्हणाल्या. "गावातल्या शाळेत घालतो म्हणतात. पहाटे फुलं तोडायला हात कमी पडतात."

"तिथे मैदान आहे का?"

"मैदान नाही, थाळी नाही, शिकवायला कुणी नाही. तिचं खेळणं संपलं, मॅडम."

करुणा मॅडमनी सत्कारांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "त्यांना मंचावर बोलवा. शाल द्या. बघू, मन वळतंय का."

त्या दिवशी तबकात आम्ही तीनच शाली होतो आणि सत्कार होते सात. साखरबाईंनी मनात हिशोब मांडला होता, की मी आधी ईश्वरच्या खांद्यावर जायचं आणि शेवटी संस्थेचे अध्यक्ष सोपानराव आबा यांच्या खांद्यावर. नीलमचं नाव पुकारलं. नीलमला फूल मिळालं. मी ईश्वरच्या खांद्यावर गेले. त्या माणसाचा खांदा टणक होता आणि शर्टाला शेवंतीचा वास होता. तो हसला नाही. त्याचे डोळे एकदम भरून आले, आणि मी गडबडले, कारण आजवर माझ्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

करुणा मॅडमनी त्याच्या हातात फॉर्म दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. मग तो खुर्चीवर बसलाच नाही! दुपारी फुलांची गाडी भरायची होती म्हणून मंचावरून उतरला आणि मला खांद्यावर घेऊन थेट फाटकाकडे चालू लागला. मला खुर्चीवर ठेवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मागे पाहिलं, तर साखरबाई खुर्च्यांमागे वाकून मला शोधत होत्या.

तो मोटारसायकलला किक मारत होता तेव्हा ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "आता आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय सोपानराव आबा यांचा सत्कार, शाल आणि श्रीफळ देऊन..." मित्रांनो, मला बोलावत होते आणि मी फाटकाबाहेर होते! मग आवाज थांबला. मोटारसायकल फटफटत सुरू झाली, तिच्या आवाजात पुढचे शब्द बुडाले. आणि मग सगळा मंडप हसला. का हसला, ते मला कळलं नाही. आम्ही महामार्गाला लागलो.

घरी आल्यावर ईश्वरने मला दोन्ही हातांवर घेऊन अनिताला दाखवलं.

"बघ, शाल दिली मला शाळंनं. सगळ्यांम्होरं."

अनिताने ओल्या हाताने मला शिवलं नाही. नुसतं पाहिलं. "थाळी फेकली पोरीनं, आन् शाल तुमाला व्हय?"

मला एवढं बरं वाटलं! दहा वर्षांत माझा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने विचारला होता.

"बाप हाय म्हणून दिली," ईश्वर म्हणाला.

"खांदा तिचा दुखतोय, रोज तेल मी चोळती," अनिता म्हणाली. मग वाकून बघत म्हणाली, "आन् नव्या शालीवर ह्यो कुंकवाचा डाग कसला? जुना दिसतोय."

"आजच लागला आसंल," असं म्हणून त्याने मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. संध्याकाळपर्यंत आळीतली माणसं येऊन मला बघून गेली. नीलम शाळेच्या गाडीने घरी आली. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. तिनेही अनेकदा तबक धरलं होतं, ती मला चांगली ओळखत होती. पण वडील एवढे खुशीत बघून ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी धुकं होतं. नीलम पडीक रानात सरावाला गेली होती. ईश्वर ओट्यावर फॉर्म घेऊन बसला होता. आणि एसटीतून उतरून, पदर डोक्यावरून घेतलेल्या साखरबाई दारात उभ्या राहिल्या.

अनिताने चहा ठेवला. साखरबाईंनी आधी खिळ्याकडे पाहिलं, मग पायाशी. मला वाटलं, झालं, आता घडी, पिशवी आणि कपाट.

"मावशी, बरं झालं आलात," ईश्वर म्हणाला. "माझ्या मनात पोरीला गावातच घालायचं व्हतं. पन रातभर इचार केला. जी शाळा माझ्यासारख्या फुलवाल्याची एवढी कदर करती, तिथनं पोरगी काढायची न्हाई. ह्या शालीपायी सही करतोय बघा." त्याने पेन उघडलं.

साखरबाई चहाच्या कपात बघत राहिल्या. सही होऊनही गेली असती. पण तेवढ्यात नीलम आली. पाय दवाने भिजलेले, अंगात नुसता खेळाचा पातळ शर्ट, ओठ निळे पडलेले. साखरबाईंना बघून तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मावशी, शाल न्यायला आलात व्हय?"

ईश्वरचं पेन थांबलं. "न्यायला म्हंजी?"

मग सगळं बाहेर आलं. साखरबाई म्हणाल्या, "दादा, खोटं कशाला बोलू? काल आबांच्या सत्काराला शालच न्हाई. बाकीच्या दोन पाव्हन्यांच्या अंगावर. ताटात निस्ता नारळ. करुणा मॅडमनी तोच दिला. माइकवर कुणीतरी बोललं, अध्यक्षांना नारळ दिला! सगळा मांडव हसला. आबा तवापासून घुश्श्यात हायेत. म्हणाले, शाल कुठंय ती हुडकून आणा."

आता मला हसण्याचं कारण कळलं. नारळ देणं म्हणजे कामावरून काढून टाकणं, हे मी शाळेत पुष्कळदा ऐकलं होतं.

ईश्वर मात्र हसला नाही. तो उठला, मला खिळ्यावरून काढलं आणि कुंकवाच्या डागावर अंगठा फिरवत विचारलं, "म्हंजी ही शाल माझी न्हवतीच. मग कुणाची?"

"कुणाचीच न्हाई, दादा," साखरबाई म्हणाल्या. "धा वर्सं झाली. लई खांद्यांवर गेली, पन कुणाच्या घरी म्हणून गेली न्हाई. घरी नेणारे तुमीच पैले."

ईश्वरचे कान लाल झाले. "घ्या मग. न्या. दिलेला मान माघारी मागत्यात, तिथं पोरगी कशाला ठिवायची?" त्याने मला साखरबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि फॉर्म दुमडला. नीलम दाराला टेकून थरथरत उभी होती. थंडीने की रडू आवरत होती म्हणून, ते मला सांगता येईना. आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, एवढं मात्र तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्यापायी एका मुलीची शाळा सुटत होती.

साखरबाई मला घेऊन उठल्या. दारापर्यंत गेल्या. नीलमजवळ थांबल्या. तिच्या दंडाला हात लावला आणि दचकल्या. "बर्फागत गार पडलीस की गं!"

आणि मग त्यांनी जे केलं, ते त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. दहा वर्षं त्यांनी तबक धरलं, शाली गोळा केल्या, घड्या घातल्या. पण कुणाच्या खांद्यावर शाल घातली ती दुसऱ्यांनी. त्या अंगणात ताठ उभ्या राहिल्या, घसा खाकरला आणि अगदी माइकवरच्या मॅडमसारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "आता, थाळीफेकीत विभागात पहिली आलेली, आपल्या शाळेची कुमारी नीलम ईश्वर, हिचा सत्कार... हिचाच सत्कार करन्यात येत आहे."

असं म्हणून त्यांनी मला नीलमच्या खांद्यावर घातलं. घडीसकटच, सवयीने. अनिताने चुलीपासून उठून टाळ्या वाजवल्या. तिच्या हाताला पीठ होतं, ते उडालं.

नीलमने विचारलं, "मावशी, घडी मोडू?"

साखरबाईंनी माझ्या घडीवरून एकदा हात फिरवला. घडी मोडली की मी पुन्हा नवी होणार नव्हते. पिशवीत जाणार नव्हते. "मोड," त्या म्हणाल्या. "तुझीच हाय."

मित्रांनो, नीलमने मला उलगडलं. मी एवढी लांबरुंद आहे, हे मला त्या दिवशी कळलं! तिने मला डोक्यावरून घेऊन अंगाभोवती घट्ट गुंडाळलं. तिचं काळीज माझ्याआड धडधडत होतं. हळूहळू तिचं थरथरणं थांबलं. गठ्ठ्यातली ती खालची शाल खरं बोलली होती. मला रडू आलं, पण शालीला रडता येत नाही.

ईश्वर किती तरी वेळ लेकीकडे बघत होता. मग त्याने दुमडलेला फॉर्म मांडीवर सपाट केला. "काल माझ्या खांद्यावर आली तवाच मी तिला द्याया पायजे व्हती," तो म्हणाला आणि त्याने सही केली. "आन् तोडणीचं?" अनिताने विचारलं. "मी अर्धा तास आधी उठतो," तो म्हणाला.

साखरबाई रिकाम्या हाताने नव्हे, फॉर्म घेऊन गेल्या. निघताना ईश्वरने कुंडीत लावलेलं शेवंतीचं एक रोप त्यांच्याजवळ दिलं आणि म्हणाला, "आबांना द्या. म्हणावं, शाल अंगी लागली." नंतर नीलमने घरी सांगितलं, की करुणा मॅडमनी सोमवारी ते रोप सोपानराव आबांच्या हातात दिलं. आबा आधी फुगून बसले होते. मग रोपाला दोन कळ्या दिसल्या तसे म्हणाले, "नारळापेक्षा बरंय." यंदा शाळेच्या मेळाव्यात मोठ्यांना रोपं दिली आणि शाली मुलींना. पण कपाटातल्या माझ्या दोन बहिणींना अजून घडीसकटच टाकतात, असं ऐकते. एका दिवसात सवय जात नाही.

आता मी खरोखरच जुनी झाले आहे. माझी जर उसवली, एका कोपऱ्याला बाभळीच्या काट्याने भोक पडलं, आणि साबणाने धुऊन धुऊन माझा रंग उडाला. कुंकवाचा डागही फिका झाला. पहाटे नीलम रानात सरावाला जाते तेव्हा तोडणी आटोपून ईश्वर मला हातावर घेऊन कडेला उभा राहतो. ती गिरकी घेते, थाळी धुक्यात दिसेनाशी होते, आणि ती पळत येते. मग तो मला तिच्या खांद्यावर टाकतो. कुणी नाव पुकारत नाही. कुणी फोटो काढत नाही.

थाळी एवढ्या लांब फेकायची आणि मग स्वतःच जाऊन उचलून आणायची, यात मिळतं काय, ते मला अजूनही कळलेलं नाही. पण मित्रांनो, एवढं मात्र कळलं आहे, तेवढं ऐका. कुणाचं कौतुक करायचं असेल तर ज्याचं नाव घेता त्याचाच खांदा शोधा. आणि तुमच्या घरी कपाटात माझ्यासारखी एखादी 'नवी कोरी' पडून असेल, तर तिची घडी मोडा. बाहेर कुणीतरी गारठून उभं असेल.